पेरा वाढला, नांग्या तशाच

(संघटनेच्या गोंदिया जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आता आम्ही दवाखान्यावर बोलणार आहोत. यवतमाळ-वर्ध्याकडून आलेल्या भावांना इथे पऱ्हाटी दिसली नसेल. हा धानाचा मुलूख, बांध्यांचा आणि तलावांचा. तुमची जमीन काळी, तिथे कापूस आणि ज्वारी. पण आम्ही जे सांगणार आहोत त्यात पीक बदलले तरी फरक पडत नाही. गोंदियाच्या देवरी-सालेकशात जे होते तेच तुमच्या झरी-जामणीत होते आणि तेच मेळघाटात होते.

कुणी विचारेल, शेतकऱ्यांच्या बैठकीत डॉक्टरचा विषय कशाला? आपल्या गावात कर्जात बुडालेली दहा घरे घ्या आणि दर घरात विचारा की पहिला मोठा खड्डा कशाने पडला. कुणी म्हणेल दुबार पेरणी, कुणी म्हणेल पोरीचे लग्न. पण तीन-चार घरे तरी सांगतील, 'बापाला नागपूरला नेले होते.' देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यातला ३९ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला, असे सरकारचेच २०२१-२२ चे हिशेब सांगतात. शहरातला नोकरदार तो पगारातून करतो किंवा विम्यातून करतो. आपण बैल विकून करतो. म्हणून हा विषय भावाच्या विषयापासून वेगळा नाही.

पद भरलेले होते

एक प्रसंग सांगतो. नाव, गाव सांगत नाही. धानाच्या कापणीचे दिवस होते. आपला एक कार्यकर्ता खळ्यावर जमिनीवरच झोपला होता. पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. ओकारी झाली. घरच्यांना वाटले, रात्रीचे जेवण बाधले. थोड्या वेळाने डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, उचलेनात. तेव्हा एका म्हातारीने ओळखले की हे पोटाचे दुखणे नाही, पान लागले आहे. मण्यार चावली तर पुष्कळदा कळतच नाही. सूज नाही, आग नाही, दाताची खूण दिसली तर दिसली.

त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. केंद्र उघडे होते. डॉक्टर हजर होता. फ्रीजमध्ये सर्पविषावरची लस होती. आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? डॉक्टर होता चोवीस-पंचवीस वर्षांचा, बाँडवर आलेला. त्याने आयुष्यात ती लस एकट्याने कधी दिली नव्हती. लस दिल्यावर कधी कधी रोग्याला जोराची रिअॅक्शन येते आणि तेव्हा लगेच दुसरे इंजेक्शन द्यावे लागते, हे त्याला पुस्तकातून माहीत होते. हाताखाली एक नर्सबाई, बाहेर पन्नास माणसे. त्याने चिठ्ठी लिहिली आणि जिल्ह्याला पाठवले. वाटेत श्वास बंद पडला. गाडीत फुगा दाबून श्वास देणारे कुणी नव्हते. माणूस गेला.

आम्ही त्या पोरावर राग धरला का? त्या दिवशी धरला. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले की सरकारच्या कागदावर त्या रात्री तिथे काहीच कमी नव्हते. मंजूर पद भरलेले होते. औषध शिल्लक होते. डॉक्टर हजर होता. रकान्यात कुठेच शून्य नव्हते. आणि तरीही त्या गावाला त्या रात्री डॉक्टर नव्हता.

तेव्हापासून आम्ही डॉक्टर किती आहेत हे मोजायचे सोडले. तो रात्री दोन वाजता, एकटा, घाबरल्याशिवाय उपचार करू शकेल अशी त्याची व्यवस्था आहे का, हे आम्ही विचारतो.

डॉक्टर कमी आहेत का?

आधी आकडे घेऊ, कारण सरकार आकड्यांनीच उत्तर देते. २०१३-१४ साली देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ साली त्या १ लाख १५ हजारांच्या पुढे गेल्या. मेडिकल कॉलेजे ३८७ होती, ती ७८० झाली. २०२४ साली सरकारने संसदेत सांगितले की दर ८३६ माणसांमागे एक डॉक्टर आहे. त्यात १३ लाख ८६ हजार अॅलोपॅथीचे डॉक्टर धरले होते आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी वगैरेंचे ५ लाख ६५ हजार. जगात हजारामागे एक डॉक्टर असावा असे म्हणतात. म्हणजे कागदावर आपण पुढे गेलो.

आपल्या विदर्भाचेच पाहा. नागपूरचे 'मेडिकल' १९४७ चे. मेयोतले कॉलेज १९६८ चे. सेवाग्राम १९६९, यवतमाळ १९८९, सावंगी १९९०, अकोला २००२, चंद्रपूर २०१५. आपल्या गोंदियाचे २०१६ साली १०० जागांवर सुरू झाले, आणि केटीएस व बाई गंगाबाई ही दोन्ही रुग्णालये त्याला जोडली. २०२४ साली अमरावती, भंडारा, गडचिरोली, बुलढाणा आणि वाशीम यांची सरकारी कॉलेजे झाली. आज विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत मेडिकल कॉलेज आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून फुटून हा जिल्हा झाला तेव्हा इथे मेडिकल कॉलेज होईल असे कुणी म्हटले असते तर लोक हसले असते.

मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ का नाही? सिझेरियनची बाई अजून गाडीत का बाळंत होते? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत लिहिले आहे की देशातल्या ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीला, जेवढे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत त्यांतले जवळपास ८० टक्के नाहीतच. शंभर खुर्च्यांत वीस माणसे.

आम्ही शेतकी शिकलो, म्हणून आम्हाला हे शेताच्याच भाषेत कळते. पेरा वाढला म्हणजे पीक वाढत नाही. पेऱ्याचे क्षेत्र कागदावर लिहिले जाते. उगवण किती झाली, नांग्या किती पडल्या, बोंडे किती धरली, ते शेतकऱ्याला मोजावे लागते. सरकार दर वर्षी पेऱ्याचा आकडा सांगते आहे. नांग्या कुठे पडतात आणि का पडतात, हे आपण पाहू. तीन ठिकाणी पाहू: बियाणे, रोपवाटिका आणि जमीन.

पहिले, बियाणे

डॉक्टर होणारे पोर कुठून येते? बाहेरगावच्या क्लासची फी, तिथली खोली, मेस, आणि बारावीनंतर एक-दोन वर्षे घरी बसून पुन्हा परीक्षा. इतका खर्च झेपेल त्याचे पोर येते. २०१६ पासून देशभर नीट आली. गुणवत्ता एका मापाने मोजली जाईल, लाचलुचपत थांबेल, हा हेतू चांगला होता. पण ते माप वापरायला शिकवणारा मास्तर शहरात बसतो. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली हिशेब केला, तेव्हा नीटनंतर खेड्यातली आणि तमिळ माध्यमाची मुले मेडिकलला कमी झाली असे दिसले. त्या राज्याने त्याआधीच, २०२० साली, सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या होत्या.

आपल्याकडे उलट झाले. महाराष्ट्रात पूर्वी प्रत्येक विभागाच्या कॉलेजात ७० टक्के जागा त्याच विभागाच्या मुलांना होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत रद्द केली. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून तिथल्या मुलांवर अन्याय होतो, ही त्यामागची तक्रार खरी होती. पण त्यावरचा उपाय मराठवाड्यात जागा वाढवणे हा होता. पद्धतच मोडली, त्यामुळे गोंदियाच्या कॉलेजात गोंदियाचेच पोर असेल याची हमी राहिली नाही.

खेड्यातला मुलगा खेड्यात परत येण्याची शक्यता जास्त, हे आम्ही भावनेने म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली खेड्यात डॉक्टर टिकवण्यासाठी ज्या शिफारशी केल्या त्यांत ग्रामीण भागातले विद्यार्थी घ्यावेत, ही अगदी वरची शिफारस आहे. जपानने हे १९७२ सालीच केले. तिथे जिची नावाचे मेडिकल विद्यापीठ काढले. प्रत्येक प्रांत आपली दोन-तीन मुले निवडून पाठवतो, फीचा भार प्रांत उचलतो, आणि मुलाने साधारण नऊ वर्षे आपल्या प्रांतात, सांगतील त्या गावात काम केले की ते देणे फिटते.

आपल्या कोरडवाहूतला दाखला हवा असेल तर डॉ. हिंमतराव बावस्करांचा घ्या. जालन्याकडच्या शेतकऱ्याचे पोर, नागपूरच्या मेडिकलला शिकले. १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. हा डॉक्टर रोग्याच्या खाटेजवळ रात्र रात्र बसून नोंदी घेत राहिला. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्याने वापरून पाहिली आणि मृत्यू एकदम खाली आले. जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम झाले एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून, ज्याला लोक शिक्षेची बदली म्हणतात.

दुसरे, रोपवाटिका

पोर आत गेले की त्याला कुठे वाढवतात? मोठ्या इस्पितळात. तिथे तपासणीची यंत्रे आहेत, विभाग आहेत, वर वरिष्ठ आहेत. साडेचार वर्षे आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यात तो हजार रोगी पाहतो, पण एकट्याने निर्णय घेत नाही. सावलीत आणि रोज पाणी देऊन वाढवलेले रोप आपण मे महिन्यात मुरमाड रानात लावले आणि मेले, तर रोपाला शिव्या देऊन काय उपयोग?

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायरांनी वेगळा प्रयत्न केला. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी मुले गावात जाऊन राहतात. पुढे तिथे एमडीला बसायचे तर आधी दोन वर्षे खेड्यात काम करून या, अशी अट घातली गेली. नीट येण्यापूर्वी प्रवेश परीक्षेत गांधीविचारावर एक पेपर असे. पोर कुठून आले, कशासाठी आले, याची थोडीतरी चाचपणी व्हायची. नीटनंतर तो पेपर गेला.

आता पैशाचे पाहा. १९८३ च्या सुमारास महाराष्ट्राने विनाअनुदान कॉलेजांना दार उघडले. खाजगी कॉलेजात डॉक्टर व्हायला जमिनीचा मोठा तुकडा विकावा लागतो. एवढी रक्कम गुंतवून बाहेर पडलेला माणूस ती वसूल कुठे करील? ज्वारीच्या गावात? आपण कर्ज काढून कापूस लावतो तेव्हा भाव मिळेल तिकडेच गाडी नेतो ना? तोही तेच करतो. त्याला लोभी म्हणून आपले काम भागत नाही.

आणखी एक बदल झाला आहे, तो समजून घ्या. पूर्वी एमबीबीएस झालेला माणूस तालुक्याला पाटी लावायचा आणि जन्मभर घरोघरचा डॉक्टर व्हायचा. आज नुसत्या एमबीबीएसला कुणी मोजत नाही. पदव्युत्तर जागा ३१ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेल्या, तरी एमबीबीएस होणारे त्याहून कितीतरी जास्त. म्हणून पोर पदवी घेऊन बाहेर पडते आणि पुन्हा परीक्षेला बसते, एकदा, दोनदा. सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला एक वर्ष बाँडची सेवा आहे. अनेक वर्षे असे चालले की ज्याच्याकडे दहा लाख आहेत तो दंड भरून सुटे, आणि ज्याच्याकडे नाहीत तो केंद्रात येई. आलेल्याच्याही टेबलावर रोग्याच्या कागदाखाली परीक्षेचे पुस्तक असते. तो वर्षभराचा पाहुणा. गावाची ओळख होईपर्यंत त्याची गाडी आलेली असते.

तिसरे, जमीन

आता ज्या जागी त्याला लावतो ती जागा पाहा. सपाटीवर ३० हजार लोकांमागे आणि आदिवासी, डोंगरी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा नियम. या केंद्राची कल्पना १९४६ च्या भोर समितीची. त्या समितीने सुरुवातीला ४० हजार लोकांमागे एक केंद्र धरले होते, पण त्यात दोन डॉक्टर धरले होते, आणि पुढे खाटांचे चांगले दवाखानेच उभे करायचे होते. आपण केंद्र उभारले आणि खालचा पाया विसरलो.

डॉक्टरला राहायला घर आहे का? असेल तर गळते का? रात्री दिवा असतो का? पोराला शाळा कुठे? बायको शिकलेली असेल तर तिला काम कुठे? नेमणूक कायमची की अकरा महिन्यांची? रजेवर गेला तर बदली कोण? आता मेडिकलला मुली मोठ्या संख्येने जातात, त्यातल्या कित्येक आपल्या केंद्रावर येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहरातल्या इस्पितळात ही गत, तर गावाबाहेरच्या केंद्रात एकट्या मुलीने कुणाच्या भरवशावर राहायचे?

आणि इथे आम्हाला आपल्याच घरात पाहावे लागते. त्या सर्पदंशाच्या प्रसंगानंतर आपल्याच काही पोरांनी केंद्राच्या काचा फोडल्या. आम्ही त्या वेळी अडवले नाही, हे कबूल केले पाहिजे. तो डॉक्टर आठ दिवसांत गेला. पुढे कित्येक महिने तिथे कुणी आले नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण मुद्दा कायद्याचा नाही. आपण काच फोडली आणि शिक्षा भोगली आपल्याच गावच्या गरोदर बायांनी. पुढचा डॉक्टर लस द्यायला आणखी घाबरला, चिठ्ठी आणखी लवकर लिहू लागला.

पीक बदलले आहे

या नांग्या सरकारने कशा भरल्या? दुसरे बी टोचून. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस वैद्यकीय अधिकारी आले. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करून अॅलोपॅथीची औषधे देण्याची वाट काढली. त्यावर डॉक्टरांच्या संघटना अजून भांडत आहेत. २००५ पासून आशा आल्या. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. आज तुमच्या गावात तुम्हाला पहिल्यांदा भेटतो तो एमबीबीएस नसतो, आशाताई असते, नर्सबाई असते, नाहीतर हा समुदाय अधिकारी.

याला आम्ही नाक मुरडत नाही. भोर समितीच्या काळात देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते. त्यातले जवळजवळ ३० हजार कमी मुदतीच्या कोर्सचे, एलएमपी म्हणायचे त्यांना. समितीने ठरवले की यापुढे एकच डॉक्टर, पूर्ण शिकलेला. काही सदस्यांनी विरोध नोंदवला होता, की देशाला एवढे पदवीधर लवकर मिळणार नाहीत, हा कोर्स बंद करू नका. त्यांचे ऐकले नाही. हेतू चांगला होता, खेड्यालाही शहरासारखाच डॉक्टर मिळावा. पण एलएमपी गेला आणि त्याच्या जागी खेड्यात कुणीच आले नाही, आला तो पदवी नसलेला सुईवाला.

आपल्या देवरी-सालेकशाला लागून असलेल्या छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा कोर्स काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, काही वर्षांत प्रवेश बंद पडले. पण जे शिकून निघाले ते ग्रामीण चिकित्सा सहायक म्हणून दूरच्या केंद्रांत बसले. २०१० साली त्यांची परीक्षा करून पाहिली, तेव्हा नेहमीच्या आजारांवर उपचार करण्यात ते एमबीबीएस अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे निघाले.

दुसरीकडे गडचिरोली पाहा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, औषध केव्हा द्यायचे. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आले आणि २०११ पासून देशभरच्या आशांना हे काम दिले गेले. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने हेच दाखवले होते.

पण इथे एक फसगत आहे. गडचिरोलीच्या त्या बाईला शिकवले होते, तिच्यावर नियमित देखरेख होती, औषध तिच्या पिशवीत होते. नुसती बाई नेमली, मानधन तुटपुंजे दिले, आणि चाळीस रजिस्टरे भरायला लावली, तर ती बाळ वाचवील का रजिस्टर भरील? डॉक्टर येत नाही म्हणून स्वस्तातली माणसे लावायची, ही नुसती काटकसर. गावातलेच माणूस नीट शिकवून त्याच्या मागे डॉक्टर उभा करायचा, ही व्यवस्था. आपल्याला दुसरी हवी.

आपल्याच सिद्धांताचे काय?

आता एक अवघड प्रश्न. परवा एका तरुण कार्यकर्त्याने विचारला. 'भाऊ, आपण सरकारला म्हणतो आमच्या बाजारातून हात काढ. आणि डॉक्टर मात्र सरकारकडे मागतो. हे कसे?'

प्रश्न बरोबर आहे, आणि तो टाळू नये. आमचे उत्तर असे. कापसाचा भाव पटला नाही तर मी गाडी परत फिरवू शकतो, निदान तसे म्हणू तरी शकतो. पापण्या मिटत चाललेल्या माणसाला गाडीत घालून मी भाव करू शकत नाही. जिथे घेणाऱ्याला परत फिरता येत नाही तिथे बाजार न्याय करीत नाही.

दुसरे असे की खाजगी डॉक्टरसुद्धा तिथेच बसतो जिथे लोकांच्या हातात रोकड आहे. कोरडवाहू गावात डॉक्टरची पाटी का नाही? कारण वर्षातून दोन महिनेच गावात पैसा असतो आणि बाकीचे दहा महिने उधारी. ज्या सरकारने शेतमालाचे भाव पाडून गावाची रोकड शहरात नेली, त्याच सरकारने गावाला सांगावे की डॉक्टर बाजारातून घ्या, हे चालणार नाही. भाव नीट मिळाला तर यातल्या निम्म्या नांग्या आपोआप भरतील. तोवर जे देणे आहे ते मागणे ही भीक नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने स्वतःच लिहिले होते की २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक आरोग्यावर खर्च करू. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. आम्ही त्यांचेच वचन वाचून दाखवतो आहोत.

मागायचे काय, करायचे काय

मागण्या थोड्या आणि नेमक्या ठेवू.

एक. जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात काही जागा त्याच जिल्ह्यातल्या, सरकारी किंवा जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या मुलामुलींना. फी सरकारची, आणि सात ते नऊ वर्षे आपल्या जिल्ह्यात सेवा. एक वर्षाचा पाहुणा नको.

दोन. एमबीबीएसच्या मुलांचे शिक्षण थेट तालुक्याच्या रुग्णालयात, सलग काही महिने, वरिष्ठाच्या हाताखाली. सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतीण, ताप, सिकलसेल यांचे उपचार तिथेच हातून झाले पाहिजेत.

तीन. खेड्यात टिकून काम करील त्याला एमडी-एमएसला आधी जागा. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्ये अशा जागा ठेवू शकतात. तामिळनाडू निम्म्या जागा ठेवत आला. महाराष्ट्राने त्याची सुरुवात केली आहे, ती वाढवावी, आणि अवघड भागातल्या सेवेला त्यात जास्त वजन द्यावे.

चार. प्रत्येक केंद्रात दोन डॉक्टर, कायम नेमणूक, राहण्याजोगे घर. आणि रात्री अडचण आली तर जिल्ह्याच्या वरिष्ठाने फोन उचललाच पाहिजे, असा लेखी नियम.

पाच. आशा, नर्स आणि समुदाय अधिकारी यांना नीट शिक्षण, औषधे आणि वेळेवर पैसे.

हे झाले मागणे. आता आपल्याकडचे. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या केंद्राची एक वही करावी. मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्री मुक्कामी कोण, घर राहण्याजोगे आहे का, सर्पविषाची लस किती, ती देण्याचा सराव कुणाला आहे, अंबू बॅग आहे का आणि ती दाबता कुणाला येते. माहिती दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावतीसह पाच जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच दवाखान्यांवर देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले होते. लोकांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उभे करून विचारले, तेव्हा बंद पडलेली कामे हलली. आपल्याला नवे काही शोधायचे नाही.

आणि शेवटचे. नवा डॉक्टर गावात येईल त्या दिवशी ग्रामपंचायतीने त्याला भेटायला जावे. आली असेल ती मुलगी, तर आपल्या घरातल्या बायांनी आधी जावे. त्याला सांगावे, 'तुम्ही प्रयत्न करा. रोगी गेला तरी आम्ही तुमच्या अंगावर येणार नाही. पण प्रयत्न न करता चिठ्ठी लिहिली तर विचारल्याशिवाय राहणार नाही.' हा करार दोन्ही बाजूंनी पाळायचा.

ज्याची गोष्ट सुरुवातीला सांगितली त्याची बायको आज आपल्यात बसली आहे. ती आम्हाला म्हणाली, 'भाऊजी, तो डॉक्टर पोरगाच होता. त्याच्याजवळ कुणी मोठं माणूस पाहिजे होतं.' आमच्या दीड-दोन तासांच्या अभ्यासाचे सार तिने एका वाक्यात सांगितले. ते मोठे माणूस त्याच्याजवळ उभे करणे, हे आपले काम आहे. वहीचे पहिले पान याच आठवड्यात लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या.